बांधावरचे बिब्ब्याचे झाड : ठेवावे की तोडावे, आणि फळाचे नेमके काय करावे?

रानमाळ यांचा प्रश्न :

नमस्कार. पुसद तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी माझ्या सासरची थोडी कोरडवाहू जमीन आहे. सासरे थकल्यामुळे तिची व्यवस्था आता आम्हा दोघांकडे आली असून पुण्याहून जाऊन-येऊन आम्ही ती पाहतो. या जमिनीच्या वरच्या बांधावर एक जुने झाड आहे. उंची साधारण दुमजली घराएवढी, साल खडबडीत आणि करडी, पाने बरीच मोठी पण टोकाला गोल, आणि ती सगळी फांद्यांच्या शेंड्यांशी झुबक्याने आलेली. हिवाळ्यात त्याला जी फळे लागतात तशी मी पूर्वी झाडावर कधी पाहिली नव्हती : वरच्या बाजूला नारिंगी रंगाचे मऊ बोंड आणि त्याच्या टोकाशी चिकटलेली काळी, चकचकीत, किंचित चपटी बी.

गावातले सगळे याला बिब्बा म्हणतात. निंदणीला येणाऱ्या बायका त्याच्या सावलीत डबा उघडायला तयार होत नाहीत. शेजारचे शेतकरी ‘तोडून टाका, कटकट मिटेल’ असे सुचवतात. आणि सासूबाई मात्र ‘त्या झाडाला हात लावू नका, बाळंतिणीच्या लाडवांची गोडंबी त्यावरच येते’ असे बजावून सांगतात. मला स्वतःला बिब्बा ठाऊक आहे तो शनिवारी दुकानांच्या दारावर टांगलेल्या लिंबू-मिरचीच्या दोऱ्यात ओवलेला, एवढाच.

जाणकारांनी कृपया सांगावे : हे झाड बिब्ब्याचेच असल्याची खात्री कशी करावी? गुराखी मुले ती नारिंगी बोंडे खाताना दिसतात, ते सुरक्षित आहे का? या फळाचे पूर्वी घरात आणि शेतात काय काय उपयोग होते आणि त्यांतले आज करण्याजोगे कोणते? घरात दोन लहान मुले असल्यामुळे मी उत्साहाइतकीच काळजीतही आहे.

पानगळ यांचे उत्तर :

आपण केलेल्या वर्णनावरून हे झाड बिब्ब्याचेच असावे. शास्त्रीय नाव सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम. आंबा, काजू आणि चारोळी ज्या कुळातली, त्याच कुळातला हा वृक्ष आहे, आणि हे नाते लक्षात ठेवले म्हणजे त्याच्या फळाची रचना आणि त्याचा दाहक स्वभाव दोन्ही समजायला सोपे जातात.

आपण जे बोंड म्हणता आहात ते खऱ्या अर्थाने फळ नव्हे. फुलाखालचा देठाचा भाग फुगून, मांसल होऊन तो तसा झालेला असतो. काजूच्या बोंडाचेही तसेच आहे. खरे फळ म्हणजे टोकावरची काळी ‘बी’. तिची लांबी जेमतेम एक इंच असते. तिचे कवच आडवे कापून पाहिले (हातमोजे घालूनच) तर बाहेरचा आणि आतला असे दोन कठीण थर आणि त्या दोहोंच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारख्या बारीक पोकळ्या दिसतात. बिब्ब्याचे सगळे प्रसिद्ध तेल या पोकळ्यांत असते. कोवळ्या फळात ते फिकट, दुधाळ असते. फळ पिकताना आणि हवा लागल्यावर काळे होते. सगळ्यात आत, पातळ तपकिरी सालीत गुंडाळलेला पांढरा गर असतो, तीच गोडंबी. म्हणजे गोड बोंड, जाळणारे कवच आणि पौष्टिक मगज या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून बोटभर अंतरावर आहेत, आणि या झाडाच्या परंपरागत वापरातले बहुतेक कौशल्य त्या एकमेकींपासून सुट्या करण्यातच खर्ची पडलेले आहे.

ओळखीची आणखी एक-दोन लक्षणे सांगतो. पान साधारण एक ते दीड फूट लांब, देठाकडे निमुळते, टोकाकडे रुंद, आणि उलटे केले की खालची बाजू राखाडी-पांढरट दिसते. उन्हाळ्याच्या तोंडाशी झाड पूर्ण निष्पर्ण होते. पावसाळ्याच्या आसपास बारीक, हिरवट-पिवळ्या फुलांचे तुरे येतात आणि हिवाळ्यात फळ पिकते. नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर असतात. आपले झाड फळे देते आहे त्या अर्थी ते मादी आहे आणि परागकण पुरवणारे एखादे नर झाड जवळपासच्या रानात असले पाहिजे.

आता दाहाविषयी. तेलातले भिलावनॉल नावाचे द्रव्य त्वचेवर प्रतिक्रिया घडवते. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि मद्यार्कात विरघळते. विशेष म्हणजे अनेकांच्या बाबतीत लागल्याबरोबर काहीच जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी खाज, सूज, पाण्याने भरलेले फोड येतात आणि तोवर माणूस कशाला हात लावला होता तेही विसरलेला असतो. ‘नुसते झाडाखालून गेले तरी बिब्बा उततो’ असे जे म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा मोडलेली डहाळी, खाली पडून फुटलेले फळ किंवा कपड्यांना लागलेला चीक असतो. सावलीचा दोष नाही. तरीही निंदणीच्या बायकांना दोष देऊ नका. गळालेल्या फळांच्या सड्यावर भाकरी घेऊन बसायचे नाही हा त्यांचा नियम अगदी शहाणपणाचा आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. या झाडाचे लाकूड किंवा फळांची कवचे जाळू नयेत. दाहक द्रव्य धुराबरोबर डोळ्यांत, नाकात आणि श्वासनलिकेत जाते. झाड तोडून चुलीला लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो त्याच्याकडेच राहू द्यावा. लाकूड तसेही कमी प्रतीचे असते आणि ते तोडताना उडणारा चीक लाकूडतोड्यांना नकोसा वाटतो. जुनी झाडे बांधावर टिकून राहिली त्याचे हेही एक कारण असणार.

सातपुडा यांचे उत्तर :

पानगळ सरांनी शास्त्र सांगितले, मी घरातले सांगते. माझे आजोळ वाशीम जिल्ह्यातले. तिथे आमच्या गल्लीत हिवाळा सरता सरता बिब्बे फोडण्याचे काम घरोघर चाले आणि ते जवळजवळ पूर्णपणे बायकांचे होते. त्यामुळे ताई, तुमच्या सासूबाई म्हणतात ते मला चांगले समजते.

आधी बोंडाचे सांगते. पूर्ण पिकलेले बोंड गोड आणि किंचित तुरट असते. ताजे खाल्ले तर घशाला थोडे धरते, म्हणून आमच्याकडे ते निखाऱ्याच्या कडेला भाजून किंवा उन्हात वाळवून खात. वाळलेल्या बोंडांना आमच्या बाजारात ‘बिब्ब्याची फुले’ म्हणतात आणि हिवाळ्यात म्हाताऱ्या बायका टोपलीत ती घेऊन बसतात. सुरकुतलेली, तांबूस, चवीला खारकेच्या जवळची. पण बोंड बियेपासून तोडण्याची पद्धत ठरलेली आहे. बी पिळायची नाही, दाताने तर कधीच तोडायची नाही. बी पानात किंवा फडक्यात धरायची, बोंड हलके फिरवून सोडवायचे आणि जिथे ते चिकटलेले होते तो टोकाचा भाग कापून टाकायचा, कारण तेल लागण्याचा संभव तिथेच असतो. गुराखी मुले हे आईबापांकडून शिकलेली असतात, म्हणून निभावून नेतात. तुमच्या मुलांनी झाडावरून तोडून थेट तोंडात टाकावे हे मी मुळीच सुचवणार नाही. वाळलेली, निवडलेली फुले आणून द्या. चव कळेल आणि ओठही शाबूत राहतील.

गोडंबीचे काम कष्टाचे. गोळा केलेले बिब्बे पहिल्यांदा उन्हात चांगले वाळवतात. कच्चा माल फोडला तर तेल उडते. वाळला की तेल दाट होते आणि कवच कडक होते. फोडायला बसण्यापूर्वी बायका कोपरापर्यंत गोडेतेल चोळतात, त्यावर चुलीतली चाळलेली राख फासतात आणि बोटांना चिंध्या गुंडाळतात. पदर नाका-तोंडावरून घट्ट बांधलेला. समोर खोलगट झालेला दगड. त्यात बिब्बा कडेवर उभा धरायचा आणि लहान हातोडीने शिवणीवर एकच नेमका घाव घालायचा. घाव हलका पडला तर कवच नुसते चेपते आणि तेल बाहेर येते, जोरात पडला तर मगजाचा भुगा होतो आणि त्या भुग्याला कोणी भाव देत नाही. बरोबर पडला तर कवचाची दोन शकले होतात आणि मधला दाणा सुटा दिसतो. तो सुईच्या किंवा चाकूच्या टोकाने उचलून राखेच्या परातीत टाकायचा, म्हणजे बाहेरून लागलेले तेल राख शोषून घेते. नंतर चाळणे, पुसणे, अख्खे आणि तुकडे वेगळे करणे. माझ्या मावशीच्या हातांची नखे होळीपर्यंत काळी असत आणि मनगटावर जुन्या फोडांचे डाग कायमचे होते. व्यापारी बिब्बे मोजून टाकायचा आणि गोडंबी मोजून न्यायचा. कवचेसुद्धा परत न्यायचा, कारण त्यांतले तेल रंग आणि व्हार्निशाच्या धंद्यात विकले जाई. फोडणारीच्या हातात जे पडे ते त्या फोडांच्या औषधालाही पुरेसे नव्हते. दुकानात गोडंबी महाग वाटते तेव्हा हे आठवावे असे मला नेहमी वाटते.

लाडवांसाठी गोडंबी थोड्या तुपात मंद आचेवर परतून घेतात. मग तळलेला डिंक, खारकेची पूड, किसून भाजलेले सुके खोबरे, खसखस आणि गूळ. चव बदामाच्या आणि चारोळीच्या मधली, पण तेलकटपणा जास्त, म्हणून प्रमाण बेतानेच ठेवतात. आमच्याकडे जुन्या बायका याच्याही पुढे जात : अख्खे बिब्बे तुपात फुगेपर्यंत तळून काढून टाकत आणि ते तूप बाळंतिणीच्या लाडवात वापरत. हे मी पाहिलेले आहे, पण करा असे म्हणणार नाही. वैद्य मंडळींनी यावर बोलावे.

शेतातले उपयोग आता आठवणींपुरते उरले आहेत. बैलगाडीच्या आखाला जे वंगण घालत त्यात बिब्ब्याचे तेल मिसळत असत. जमिनीत पुरायच्या खांबांची टोके त्याने माखत, म्हणजे वाळवी लागत नसे. भेगाळलेल्या टाचांत बिब्ब्याचा चटका देण्याची पद्धत तर तुम्हाला आजही एखाद्या जुन्या गड्याकडे सापडेल. तो दिवा पेटवून, दाभणावर बिब्बा टोचून, तेलाचा थेंब भेगेत सोडतो आणि शांतपणे उठून कामाला जातो. त्याची कातडी त्याला सरावलेली असते. आपली नसते.

भिषक् यांचे उत्तर :

वरील चर्चा वाचून आनंद झाला आणि त्या आनंदात बिब्बा घालण्याची इच्छा नाही. पण आयुर्वेदाचा व्यवसाय करणारा म्हणून औषधी वापराबद्दल थोडे सविस्तर आणि थोडे कडक लिहिणे मला भाग आहे.

बिब्बा म्हणजे आयुर्वेदातला भल्लातक. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाच्या, म्हणजे बल आणि दीर्घायुष्य देणाऱ्या चिकित्सेच्या, पहिल्याच अध्यायात त्याचा विस्ताराने विचार केलेला आहे. तिथे त्याची स्तुती मोठी आहे, विशेषतः कफाच्या विकारांत आणि मंद अग्नीत, म्हणजे पचनशक्ती मंदावली असता; परंतु त्याच ठिकाणी तो तीक्ष्ण आहे, अग्नीसारखा आहे, पाक म्हणजे फोड उत्पन्न करणारा आहे आणि विधिपूर्वक योजला तरच अमृतासमान ठरतो, असेही स्पष्ट म्हटले आहे. लोकांच्या स्मरणात अमृत राहते आणि विधी गळून पडतो. माझ्याकडे येणारे बिब्ब्याचे बहुतेक रुग्ण हे असा विधी गळालेले घरगुती उपाय केलेले असतात.

विधीचा पहिला भाग म्हणजे शोधन, अर्थात फळाची शुद्धी. पिकलेली, भरीव, पाण्यात टाकल्यावर बुडणारी फळे निवडतात. तरंगणारी टाकून देतात. देठाकडचे टोक कापतात. मग ती विटेच्या चुऱ्याबरोबर जाड कापडाच्या पिशवीत भरून रोज घासतात, म्हणजे बाहेर येणारे तेल वीट शोषून घेते. चुरा तेलकट झाला की बदलतात. काही दिवसांनी फळे गरम पाण्याने धुऊन घेतात. नारळाच्या पाण्यात उकळण्याची रीतही आहे. हे सर्व करूनही द्रव्य निर्धोक होते असे नाही, सौम्य होते. संजीवनी वटी, भल्लातकासव यांसारख्या औषधांत असा शोधित बिब्बा असतो. औषधे नियम, 1945 (पूर्वीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या ई-1 या अनुसूचीत आयुर्वेदातली जी विषारी द्रव्ये नोंदलेली आहेत त्यांत भल्लातक आहे, आणि म्हणूनच अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे.

विधीचा दुसरा भाग रुग्णाचा आहे. पित्तप्रकृतीच्या माणसाला, गर्भवतीला, लहान मुलाला आणि उन्हाळ्यात तो देत नाहीत. चालू असेतो दूध, तूप, भात असा आहार. ऊन, शेक, तिखट आणि खारट पूर्ण वर्ज्य. सातपुडा ताईंच्या गावातल्या बाळंतिणीला ते तूप सोसले असेल तर त्याचे कारण हिवाळा, दूध-तुपाचा आहार आणि घराबाहेर न पडणे हे असावे. आजच्या घरात यांतले काहीच पाळले जात नाही. म्हणून तळलेल्या बिब्ब्यांचे तूप करू नये. दम्यासाठी किंवा खोकल्यासाठी दिव्यावर तापवलेल्या बिब्ब्याचे थेंब दुधात पाडून घेण्याचा उपायही स्वतःच्या मनाने कधीही करू नये. बिब्ब्याच्या चिकाने मूत्रपिंडांना गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्वचेवरचा फोड दिसतो; आत काय झाले ते दिसत नाही.

तान्ह्या बाळाच्या अंगावर बिब्ब्याचे टिपके देण्याची जी चाल काही भागांत आहे, तिच्याबद्दल मला सौम्य शब्द सापडत नाही. ती बंद झाली पाहिजे. बाळाच्या गळ्यात किंवा मनगटात अख्खा बिब्बा बांधणेही धोक्याचे आहे, कारण दात येऊ लागलेले मूल हाताला लागेल ते तोंडात घालते.

आता बिब्बा उतल्यावर काय करावे. लागल्याचे लगेच लक्षात आले तर साबण आणि भरपूर पाण्याने तो भाग पुन्हा पुन्हा धुवावा, नखांखालचा भाग विसरू नये, आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. परंपरेत खोबरेल तेल, ओले खोबरे आणि तीळ वाटून केलेला लेप किंवा चिंचेच्या पाल्याचा रस लावतात; खोबरे खायलाही देतात. आग शमवण्यासाठी खोबऱ्याचा उपयोग होतो, पण तो धुतल्यानंतर. आधी तेल चोळले तर बिब्ब्याचे तेल त्यात मिसळून आणखी पसरते. सूज चेहऱ्यावर असेल, डोळ्याला लागले असेल, पोटात गेले असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर लेप वाटत बसू नये. सरळ रुग्णालय गाठावे.

मालवणी माणूस यांचे उत्तर :

दोन गोष्टी जोडतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी वरच्या वर्णनावरून आपल्या परसातले झाड बिब्बा समजून चालू नये. सह्याद्रीच्या दाट, सदाहरित रानात रानबिब्बा म्हणून ओळखले जाणारे एक वेगळे झाड आहे, होलिगार्ना प्रजातीतले. त्याचा चीक तितकाच किंवा अधिक जहाल असतो, पण त्याच्या फळाला ते नारिंगी मांसल बोंड नसते, आणि कोवळ्या पानाच्या देठावर बारीक मऊ काट्यांची जोडी दिसते. म्हणजे त्याच्यापासून खाण्याजोगे काहीच मिळत नाही, फक्त फोड मिळतात. ज्यांना आंब्याचा चीक किंवा काजूच्या सालीचे तेल उतते, त्यांनी या दोन्ही झाडांपासून जास्तच जपावे. कुळ एकच असल्यामुळे एकाला चिडलेली कातडी दुसऱ्यालाही चिडते. गोडंबी खातानासुद्धा अशा माणसाने आधी विचार करावा.

दुसरी गोष्ट परटांची. बिब्ब्याचा सगळ्यात प्रसिद्ध उपयोग इथे अजून कोणी सांगितला नाही याचे आश्चर्य वाटले. कपडे ओळखण्यासाठी परीट बिब्ब्याला सुई टोचून, त्या सुईने कॉलरच्या आत किंवा धोतराच्या काठाशी आपली खूण काढत आणि त्यावर चुना लावत. खूण काळी होई आणि कपडा फाटेपर्यंत जात नसे, कारण पाण्यात न विरघळणारे तेच द्रव्य धाग्यात बसलेले असे. मुंबईत जुन्या घरांतल्या पेट्यांत अशा खुणांचे कपडे अजून सापडतात. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर चमत्कारिक पुरळ उठू लागले, तेव्हा त्याचा माग काढत लष्करी डॉक्टर शेवटी धोब्याच्या खुणेपर्यंत पोहोचले होते. वैद्यकीय लेखनात त्या विकाराला धोब्याच्याच नावाने ओळखतात. आपल्या लोकांना तोच कपडा का बाधत नसे, हा प्रश्न मला नेहमी पडतो. काहींना बाधतही असेल, तक्रार लिहून ठेवणारे कोणी नसेल.

रानमाळ :

सर्वांचे मनापासून आभार. झाड तोडायचे नाही हे आता नक्की झाले. पान उलटे करून पाहिले, खालची बाजू राखाडीच आहे. सासूबाईंना तुमची उत्तरे वाचून दाखवली. तळलेल्या बिब्ब्यांच्या तुपावरून त्यांची आणि भिषक् यांची थोडी दूरस्थ वादावादी झाली, पण नारळ आणि तीळ यांवर दोघांचे एकमत आहे. आता व्यवहाराचे विचारते : यंदाच्या फळांचे काय करावे? ती तशीच गळू दिली तर खाली सडा पडतो आणि मजुरांची अडचण होते. घरी फोडणे शक्य दिसत नाही. शिवाय याची एक-दोन रोपे वरच्या पडीक भागात लावता येतील का?

सातपुडा यांचे उत्तर :

घरी फोडू नका, हे आधी सांगते. फळे पूर्ण पिकून बोंड मऊ झाले की झाडाखाली जुनी ताडपत्री पसरा आणि लांब काठीला आकडी बांधून फांद्या हलक्या हाताने हलवा. फांदी ओढून मोडू नका, चीक फांदीतही असतो. गोळा करणाऱ्याने रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायात बंद बूट घालावेत. बोंडे त्याच दिवशी वेगळी करून चटईवर वाळत घाला, नाहीतर आंबतात आणि मुंग्या लागतात. काळे बिब्बे गोणपाटावर, कोंबड्या आणि मुले पोहोचणार नाहीत अशा ठिकाणी, उन्हात पूर्ण वाळवा आणि गोणीत भरून ठेवा. गोणीवर कोळशाने मोठी खूण करा, म्हणजे तीच गोणी पुढे धान्याला वापरली जाणार नाही.

विक्रीसाठी पुसदच्या बाजारात गौण वनउपज घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे चौकशी करा. मोहफुले आणि डिंक घेणारे बहुधा बिब्बेही घेतात. जंगलातल्या संग्राहकांसाठी ज्या वनउपजांना किमान आधारभूत किंमत जाहीर होते त्यांत बिब्बा आहे, तेव्हा तो दर माहीत करून घेऊन मगच बोलणी करा. एका झाडाच्या मालातून मोठी कमाई होणार नाही. जवळच्या पाड्यावर फोडणाऱ्या बायका असतील तर मी त्यांनाच बिब्बे देईन आणि बदल्यात लाडवांपुरती गोडंबी मागून घेईन. वर मजुरी मात्र पैशात द्यावी, मालात नाही.

पानगळ यांचे उत्तर :

रोपांसाठी ताजे बी लागते, जुने बी उगवण्याची खात्री नसते. पाण्यात बुडणारी भरीव फळे निवडून, हातमोजे घालून, पिशवीत बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर पेरावीत. उगवण सावकाश होते, तेव्हा पिशव्या रिकाम्या समजून लवकर फेकू नयेत. नर-मादीचा प्रश्न असल्यामुळे दोनच रोपे लावण्यापेक्षा पाच-सहा लावावीत, आणि ती पायवाट, विहीर, गोठा यांपासून दूर, मुरमाड उतारावर. पाणी साचणारी जागा याला मानवत नाही. रोप लहान असतानाही चीक तितकाच असतो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे त्याच्याभोवती काटेरी कुंपण ठेवावे आणि आळ्यातले गवत हाताने उपटण्याऐवजी खुरप्याने काढावे. जुन्या झाडाच्या खोडावर, डोळ्यांच्या उंचीवर, चुन्याचा रुंद पट्टा ओढून ठेवा. नव्याने कामाला येणाऱ्या माणसाला ते कोणते झाड आहे हे सांगायला कोणी हजर नसले तरी अडणार नाही.